आजोबांची ब्यूक आणि आजीची हातगाडी

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथं सातवीच्या मुलांना एकदा निबंध दिला होता. विषय अगदी साधा: 'आमच्या घरातली पहिली गाडी'. कुणी स्कूटरवर लिहिलं, कुणी मारुतीवर, एकानं तर पणजोबांच्या बैलगाडीवर दोन पानं भरली. रात्री स्वयंपाकघर आवरून वह्या तपासायला बसले, तेव्हा एक गंमत लक्षात आली. बहुतेक सगळ्या निबंधांत गाडी चालवणारे वडील होते, नाहीतर आजोबा. आई कुठं होती? ती मागं बसली होती, मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत. काही निबंधांत तर ती नव्हतीच.

मला हसू आलं, आणि मग एकदम गप्प झाले. कारण हाच निबंध मीही शाळेत असताना लिहिला होता. त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता, आणि त्यात माझी आजी कुठंही नव्हती.

माझ्या निबंधात होती ब्यूक. १९५० सालची, काळ्या रंगाची, अमेरिकन. 'आमची' म्हणून मी तिच्यावर लिहिलं खरं, पण मैत्रिणींनो, ती आमची कधीच नव्हती. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मलबार हिलवरच्या एका कापडवाल्या शेठजींकडे ड्रायव्हर होते. १९५१ पासून १९७४ पर्यंत, तेवीस वर्षं, ते ती गाडी चालवत होते. राहायला मात्र गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत. सहा माणसं आणि एक मोरी!

आजोबा गाडीचं वर्णन करायला लागले की ऐकत राहावं. सुमारे सतरा फूट लांब गाडी. आपल्या ओळखीची मारुती ८०० अकरा फुटांच्या आसपास होती, म्हणजे विचार करा. पुढची जाळी चकचकीत क्रोमची, तिचे उभे दांडे थेट बंपरवरून खाली उतरलेले. लहान मुलांना वाटे, गाडी दात विचकून हसते आहे. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल भोकं. "सुपरला तीन, रोडमास्टरला चार," आजोबा बोटं दाखवून सांगत. "भोकं मोजली की शेठ किती मोठा ते कळतं!" इंजिनात आठ सिलिंडर, तेही एका रांगेत. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची. गॅलनला दहा-बारा मैल, म्हणजे आजच्या हिशेबात लिटरला चारेक किलोमीटर.

आणि एक गुपित. ही गाडी चालू करायला वेगळं बटण नसे. किल्ली फिरवायची आणि पायानं ॲक्सिलेटर दाबायचा, की इंजिन सुरू. नवा माणूस किल्ली फिरवून नुसता बसून राही. आजोबा हे सांगताना खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय दाबून दाखवत.

माझ्या निबंधातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. 'एकदा जुलै महिन्यात मुंबईत मुसळधार पाऊस पडला, सगळ्या गाड्या बंद पडल्या, पण माझ्या आजोबांच्या ब्यूकच्या इंजिनात पाण्याचा एक थेंबही गेला नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

तुम्ही म्हणाल, मुंबईत एवढ्या अमेरिकन गाड्या आल्या कुठून? मलाही हा प्रश्न पडला होता. तर जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला १९२८ मध्येच जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथं जोडले जायचे. फोर्डनंही मुंबईत जुळणी केली. मग आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढं आले. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं सरकारनं ठरवलं की जे इथं गाडी खरोखर बनवतील त्यांनीच राहावं, नुसती जुळणी नको. तेव्हा १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही इथला गाशा गुंडाळला.

त्याचा परिणाम आमच्या आजोबांसारख्यांवर झाला. सुटे भाग मिळेनासे झाले. मग ऑपेरा हाउसजवळची दुकानं पालथी घाला, चोर बाजारात फिरा, नाहीतर लेथवाल्याकडून तसाच भाग करून घ्या. आजोबा म्हणत, "अमेरिकेत बिघडली की टाकतात, आपल्याकडे बिघडली की शिकतात."

या गाड्यांची मूळ गोष्टही मोठी मजेची आहे, आणि आपल्या घरकामाशी तिचा चक्क संबंध आहे. ब्यूक हे एका माणसाचं आडनाव. डेव्हिड डनबार ब्यूक मूळचे स्कॉटलंडचे, धंदा नळकामाचा. बिडाच्या न्हाणीटबावर पांढरंशुभ्र इनॅमल चढवण्याची रीत त्यांनी काढली. त्यात पैसा मिळाला असता, पण डोक्यात इंजिनाचं वेड शिरलं. १९०३ मध्ये मोटार कंपनी काढली, ती लवकरच हातातून गेली. १९०८ मध्ये त्याच कंपनीच्या पायावर जनरल मोटर्स उभी राहिली, आणि ज्यांचं नाव लाखो गाड्यांवर झळकलं ते ब्यूक १९२९ मध्ये जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारले.

दुसरी गोष्ट कॅडिलॅकची. पूर्वी मोटार चालू करायची तर समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. ते उलटं फिरलं की मनगट मोडलंच म्हणून समजा. त्यामुळं मोटार म्हणजे धट्ट्याकट्ट्या पुरुषाचं काम, अशी समजूत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकला बसवला गेला आणि ते हँडल हळूहळू इतिहासजमा झालं. बाईला स्टिअरिंगमागं बसायला कुणाच्या भाषणापेक्षा या एका लहानशा यंत्राचा उपयोग जास्त झाला असेल, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट हेलेन रोदर यांची. जर्मनीत जन्मलेल्या, पॅरिसमध्ये राहणाऱ्या या बाई दुसऱ्या महायुद्धात सात वर्षांच्या मुलीला घेऊन पळाल्या, निर्वासितांच्या छावणीत राहिल्या आणि १९४१ मध्ये अमेरिकेला पोचल्या. १९४३ मध्ये त्या डेट्रॉइटला जनरल मोटर्समध्ये लागल्या. गाडीच्या आतल्या बाजूचे रंग, गाद्यांची कापडं, दिवे, दारांच्या मुठी हे सगळं त्यांच्याकडे. त्या काळात हे खातं बाईच्या हाती असणं ही केवढी नवलाई! मोठ्या गाडीत बसल्यावर दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटायचं ते अशा हातांमुळं.

मग आलं शेपट्यांचं वेड. १९४८ च्या कॅडिलॅकला मागच्या बाजूला लहानशी शेपटी होती, युद्धातल्या लॉकहीड विमानावरून सुचलेली. दरवर्षी ती वाढत गेली, आणि १९५९ च्या कॅडिलॅकला तर मागं दोन पंख आणि त्यांत बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. लांबी पावणेएकोणीस फूट! आमच्या चाळीतली खोलीदेखील एवढी लांब नव्हती.

पॅकार्ड ही तशीच बड्यांची गाडी. तिची जाहिरात फार गाजली होती. तिचा अर्थ असा, की 'ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यालाच विचारा.' पुढं पॅकार्ड हे नावच १९५८ मध्ये संपलं. पण ती जाहिरात वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला सगळेच विचारतात. ज्याच्या हातात तिचं चाक आहे त्याला मीही विचारलं होतं. पण चाक धरणाऱ्याचे कपडे जी धुते, तिला विचारलंय कुणी?

आजोबा २००४ मध्ये गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्यानंतरही घरात ब्यूकच्या गोष्टी निघत, त्या मामा सांगे, मी सांगे. आजी त्या वेळी तांदूळ निवडत असायची, नाहीतर उठून आत जायची. आम्हाला वाटायचं, तिला कंटाळा येतो.

२०१८ मध्ये आमच्या पुण्यात एका मैदानावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची, पण चालायला खणखणीत. मी म्हटलं, "चल आजी, तुला ब्यूक दाखवते." ती म्हणाली, "मला काय करायचीय?" पण नऊवारी बदलून, डोक्याला तेल लावून माझ्याआधी दारात उभी!

तिथं खरोखरच ब्यूक होती. काळी नव्हे, मोरपिशी रंगाची, पण तेच दात आणि तीच तीन भोकं. मालक पन्नाशीचे, मोठे हौशी गृहस्थ होते. मुलांना दाखवायला म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. आजी माझ्या कानाशी म्हणाली, "आता पाय दाबतील बघ." त्यांनी पाय दाबला आणि इंजिन घुमलं. मालकांनी ऐकलं होतं. ते खाली उतरले. "आजी, तुम्हाला हे कसं ठाऊक? तुमच्याकडे होती का ब्यूक?"

आजी म्हणाली, "आमच्याकडं ब्यूकचा ड्रायव्हर होता."

त्या सद्गृहस्थांनी काय करावं? मागचं दार उघडून, कमरेत वाकून म्हणाले, "बसा. मैदानाला एक चक्कर मारू." आजी दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. "मागं नको. मागं शेठजी बसायचे. मी पुढं बसते." आणि ती पुढं बसली. मी मागं. सारा वेळ ती काही बोलली नाही. एकदा फक्त हात पुढं करून चाकाला बोट लावलं आणि मागं घेतलं, तापल्या तव्याला लावतो तसं.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "गादी मऊ आहे गं. पाठीला टेकूही चांगला आहे. मग ह्यांची पाठ कशानं दुखायची?" थोड्या वेळानं आपणच उत्तर दिलं, "बसून नाही दुखली. उभं राहून दुखली."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं. आई होती, मी होते. तिनं जे सांगितलं ते तिच्याच क्रमानं लिहिते.

आजोबांचा पांढरा गणवेश ती रोज धुवायची. भाताची पेज गाळून त्याला खळ करायची, थेंबभर नीळ घालायची. कोटाची पितळी बटणं मागच्या कड्या काढून वेगळी करायची आणि चिंच-मीठ लावून घासायची. "ब्रासो शेठच्या दाराच्या मुठींना," ती म्हणाली, "आपल्या बटणांना चिंच." खळ कमी पडली तर कोटाला घड्या पडत आणि शेठाणीबाई बोलत. म्हणजे बघा, आम्ही आजोबांचा जो रुबाब सांगत होतो, तो रोज पहाटे आमच्या मोरीत तयार होत होता!

आणि मग १९६० चा जुलै. आजीला नववा लागलेला. त्या दिवशी सकाळपासून पाऊस धरला होता. शेठजी रात्री वाळकेश्वरला कुणाकडे जेवायला गेले होते, आजोबा गाडी घेऊन बरोबर. दहाच्या सुमारास आजीला कळा सुरू झाल्या. तळमजल्यावरच्या वहिनींनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला पिटाळलं. तो बिचारा भिजत पळत आधी शेठच्या बंगल्यावर गेला आणि तिथून विचारत विचारत त्या घरी पोचला. आजोबा पोर्चमध्ये गाडीजवळ उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातून पाच रुपये काढून दिले आणि म्हणाले, "टॅक्सी करून न्या. मी येतो."

टॅक्सी कुठली मिळायला? रस्त्यावर गुडघाभर पाणी. शेवटी चाळीतल्या दोघांनी वखारीतली हातगाडी आणली, तिच्यावर गादी टाकली, वरून ताडपत्री धरली आणि आजीला सूतिकागृहात नेली. वहिनी कंदील धरून पाण्यातून शेजारी चालत होत्या. पहाटे माझी आई जन्मली.

आजोबांनी शेठजींना दीडच्या सुमारास घरी सोडलं. गाडी गॅरेजमध्ये लावली. मग ती पुसली. ओली गाडी रात्रभर ठेवली तर क्रोमवर डाग पडतात, म्हणून मऊ कातड्यानं सगळी कोरडी केली. मग चालत चाळीत आले, तर दाराला कुलूप.

"गाडी पुसून आले," आजी म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांनी तिनं ते वाक्य उच्चारलं, तरी तिचा आवाज कापला.

मैत्रिणींनो, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या निबंधातली ती रात्र हीच. ज्या रात्री ब्यूकच्या इंजिनात पाण्याचा थेंब गेला नाही, त्या रात्री माझी आजी ताडपत्रीखाली भिजत होती. आजोबांनी मला रात्र सांगितली, पण अर्धी. आणि मी ती अर्धी रात्र लिहून नऊ गुण मिळवले.

दोन दिवसांनी शेठजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, सांगायचं नाही का? गाडी घेऊन जायचं होतंस." पेढे पाठवले, साडी पाठवली. मी आजीला विचारलं, "तुला शेठजींचा राग आला?" ती म्हणाली, "शेठचा कशाला? त्यांना ठाऊकच नव्हतं. ह्यांनी विचारलं नाही, याचा आला. नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. पण विचारायचंच नाही?"

आजोबांना वाईट माणूस म्हणावं असं मला वाटत नाही. त्यांच्या आधीच्या ड्रायव्हरला, शेठजींची गाडी स्वतःच्या कामाला वापरली म्हणून एका दिवसात काढलं होतं. गावी मनीऑर्डरीवर आई आणि दोन भाऊ अवलंबून होते. माणूस भीतीनं गप्प बसतो, आणि मग त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून इंजिनाच्या गोष्टी सांगतो. तेवीस वर्षं पोर्चमध्ये उभं राहून त्यांची पाठ गेली होती. आजीला ते ठाऊक होतं, म्हणून तर तिनं रिक्षात ते उत्तर दिलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

आईनं आपल्या जन्माची ही हकिकत त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. ती काही न बोलता उठली, कपाटातून जुनी गोधडी काढून आणली आणि म्हणाली, "ही हिरवी किनार त्या साडीची का?" आजीनं मान हलवली. शेठकडची साडी ती कधी नेसलीच नाही. फाडून गोधडीत घातली. त्याच गोधडीत आई वाढली, मामा वाढला आणि मीही.

ब्यूकचं पुढं काय झालं? १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगभर तेलाचे भाव कडाडले, आपल्याकडेही पेट्रोल महागलं. शेठजींच्या मुलांनी लहान गाडी घेतली आणि १९७४ मध्ये ब्यूक विकली. आजोबांनी उरलेली वर्षं त्या लहान गाडीवर काढली. तिच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी सांगितल्या नाहीत.

आता थोडं कामाचं. तुमच्या घरी किंवा माहेरी एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर ती भंगारात घालण्याआधी कागदपत्रं शोधा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी असेल, तर तिची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, डागडुजी एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

पण गाडी नसली तरी आठवणी असतात, आणि त्यांची नोंदणी आपल्यालाच करायची असते. मी एक साधी दोनशे पानी वही केली आहे. डाव्या पानावर पुरुषमंडळी सांगतात ते लिहायचं, उजव्या पानावर त्याच दिवसाबद्दल घरातल्या बायका काय सांगतात ते. उजवं पान भरायला वेळ लागतो. "मला काय माहीत?" असं पहिलं उत्तर येतं. त्यावर गप्प बसायचं आणि हातात निवडायला भाजी घ्यायची. हात कामात असले की बायका बोलतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय 'गाडी कशी होती?' असं विचारू नका. 'गाडी बाहेर असायची तेव्हा तू काय करत होतीस?' असं विचारा.

सातवीच्या मुलांना मी वह्या परत केल्या आणि घरचा अभ्यास दिला: त्याच गाडीची गोष्ट आईला किंवा आजीला विचारून पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही देताना म्हणाली, "बाई, आमच्या स्कूटरचे हप्ते आईनं शिवणकाम करून फेडले होते. मला माहीतच नव्हतं."

आजी आता एकोणनव्वदीला आली आहे, तिला कमी ऐकू येतं. परवा मी तिला मोठ्यांदा विचारलं, "आजी, ब्यूकवर लेख लिहू का?" ती म्हणाली, "लिही. पण हातगाडी ओढणाऱ्या त्या दोघांचं आधी लिही. त्यांनी पैसे घेतले नाहीत."

तेवढं क्रमात चुकलंच. पण लिहिलं आहे.